बालपणीच्या अत्याचारावर थेरपी घेताय? या चुका टाळा

"मॅडम, आजच सगळं सांगून मोकळा होतो." कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या थेरपीच्या खोलीत हे वाक्य सारखं ऐकू येतं आणि दरवेळी पोटात गोळा येतो.

सुरुवातीच्या काळात मी एकाला असं सांगू दिलं होतं. गडहिंग्लजकडचा, चाळिशीतला माणूस. लहानपणापासून दाबून ठेवलेलं दीड तासात बोलला. मन हलकं होतंय असं वाटून मी थांबवलं नाही. निघताना त्याला चपलेचा अंगठा सापडेना, इतके पाय थरथरत होते. एसटी स्टँडवर तो गेलाच नाही. रात्री साडेदहापर्यंत रंकाळा तलावाच्या कठड्यावर बसून होता, घरचे फोन करून थकले. परत आला तो चार महिन्यांनी. चूक माझी होती.

आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग माणसांत परतणं, हा क्रम अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्येच मांडला होता. घाई करणाऱ्यांना पहिली पायरी वेळकाढूपणा वाटते. माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं. आता पहिल्या भेटींत मी "काय झालं" विचारतच नाही. झोप कशी आहे, दारू किती, जीव द्यावासा वाटतो का, घरी कोण आहे, परत कसे जाणार, एवढंच. शेवटची दहा मिनिटं नवा विषय बंद. मन आत्ताच्या क्षणात परत यावं म्हणून अनवाणी पाय फरशीवर टेकवायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची.

दुसरी चूक म्हणजे अत्याचार करणाऱ्यालाच समोर बसवणं: "मामाला बोलवा, समोरासमोर मिटवू." हा काय बांधाचा वाद आहे? अशा बैठकीत ज्याने सोसलं त्यालाच घराची अब्रू ऐकवतात. तयारीशिवाय मी कुणालाही बसवत नाही.

दोन भेटींत बरं वाटलं म्हणून थांबू नका. गोळ्या मनानं बंद करू नका. तारखा, क्रम आठवत नाहीत म्हणून स्वतःला खोटं ठरवू नका. संमोहनाने "दडलेल्या आठवणी काढून देतो" म्हणणाऱ्याची पायरी चढू नका, त्यातून खोट्या आठवणीही तयार होतात. कोल्हापुरात कुणीतरी ओळखेल म्हणून टाळत असाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे.

आणि रात्री असह्य झालं तर पुढच्या भेटीची वाट बघत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.