किडनीचं काम समजून घेताना आणि तपासून घेताना या चुका टाळा

किडनीबद्दलचे बरेच गोंधळ एकाच समजुतीतून होतात. किडनी म्हणजे गाळणी: रक्त आलं, घाण अडकली, स्वच्छ रक्त पुढे गेलं. प्रत्यक्षात काम जवळजवळ उलटं चालतं. दोन्ही किडन्यांत मिळून साधारण २० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे सूक्ष्म घटक, असतात आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला केशवाहिन्यांचा गुंता असतो. तिथे रक्तातलं पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया असं सगळं सरसकट बाहेर पडतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी आत राहतात. हा द्रव दिवसाला भरतो सुमारे १८० लिटर, आणि लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेलं सगळं पुढच्या बारीक नळीतून रक्तात परत घेतलं जातं. म्हणजे किडनी कचरा निवडत नाही, कामाचं निवडून परत घेते आणि राहील ते सोडून देते.

हे ध्यानात घेतलं की रिपोर्ट वाचणं सोपं जातं. लघवीत प्रथिनं दिसली तर बहुधा गाळण्याची भिंत सैल झालेली असते. ग्लुकोज दिसलं तर मात्र भिंतीचा दोष नसतो. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की नळीला ती सगळी परत घेणं झेपत नाही. मधुमेहाची काही नवी औषधं तर ही साखर मुद्दामच लघवीवाटे सोडतात, त्यामुळे आधी गोळ्यांची यादी बघावी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे क्रिएटिनिन नॉर्मल आलं की निर्धास्त होणं. क्रिएटिनिन हा किडनीने बाहेर टाकायचा कचरा स्नायूंतून येतो, त्यामुळे तो आकडा माणसागणिक वेगळा अर्थ सांगतो. क्रिएटिनिन १.१ असलेल्या २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि लिंग धरून काढलेला गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ९५ च्या आसपास येतो, तेच १.१ जर ७५ वर्षांच्या बाईचं असेल तर ईजीएफआर ५२ च्या जवळ जातो. रिपोर्टवर दोन्हीकडे ‘नॉर्मल’ छापलेलं असू शकतं. शिवाय गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन फारसं हलत नाही. म्हणून ईजीएफआर बघा, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लघवीतल्या अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी वर्षातून एकदा करा. ते ३० च्या आत हवं. उलट एका वाईट आकड्याने घाबरूनही जाऊ नये. भरपूर मांसाहार, क्रिएटिन पावडर किंवा अंगातलं पाणी कमी होणं यानेही क्रिएटिनिन चढतं. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त टिकला, तरच त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात.

लघवीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला) नमुना देताना सुरुवातीची धार डबीत धरली, तर त्वचेवरचे जंतू त्यात येतात आणि नसलेला जंतुसंसर्ग रिपोर्टात उगवतो. आधी जागा धुवा, पहिली धार सोडा, मधली धार घ्या, डबीच्या आत बोट लावू नका. तासाभरात लॅबला पोचणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेल्या नमुन्यात जंतू भराभर वाढतात.

आता वेदनाशामक गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक धमनीला उघडं ठेवणारी रसायनं तयार होऊ देत नाहीत. एरवी एखाद्या गोळीने निरोगी माणसाचं सहसा बिघडत नाही. पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालंय, सोबत रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी चालू आहे, वर लघवी वाढवणारी गोळीही आहे, आणि त्यात ताप-अंगदुखीवर हीच गोळी घेतली, तर गाळण्याचा दाब कोसळतो आणि दोन-चार दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. अशा वेळी ती गोळी घेऊ नका. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

‘भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल’ हा सल्लाही सरसकट देऊ नये. सशक्त किडनी दिवसभराचा कचरा अर्ध्या लिटर लघवीतही बाहेर काढू शकते; जास्तीच्या पाण्याने लघवी फक्त पातळ होते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांना मात्र दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी खरंच लागतं. तासाला लिटरभरापेक्षा जास्त पाणी बाहेर टाकणं किडनीला जमत नाही, त्यामुळे पैज लावून पाणी पिणाऱ्यांचं सोडियम घसरतं आणि झटकेही येऊ शकतात. हृदय कमजोर असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर दिवसाला किती पाणी प्यायचं हा आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावा.