आधी बॅटरी, मग गिझर

इंदूरच्या थंडीत छतावरच्या सोलरची जास्तीची वीज आधी गिझरला द्यावीशी वाटते. देऊ नका. बॅटरीतल्या विजेवर रात्री दिवे, पंखा, फ्रिज काहीही चालतं. तापलेलं पाणी फक्त अंघोळ-भांड्यांना, आणि तेही टाकीत निवत जातं.

खरी गोम पुढे आहे. 2 किलोवॉटचा गिझर लावला की तो पूर्ण 2 किलोवॉट ओढतो. जास्तीची वीज 1.2 असेल तर उरलेले 0.8 बॅटरीतून किंवा ग्रीडमधून जातात. आमच्या रामबागेतल्या घरी आई अकरालाच गिझर लावायची, आणि संध्याकाळी बॅटरी अर्धीच. आता इन्व्हर्टरमध्ये सेटिंग केलंय: बॅटरी 90 टक्के झाली की गिझर चालू, 80 च्या खाली आली की बंद. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे इन्व्हर्टरच्या इशाऱ्यावर गिझरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, मात्र हवाच, तो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. ही सोय नसेल तर दुपारी दोनचा टायमर लावा, पण 16 अँपिअरचाच. हलक्याचे कॉन्टॅक्ट जळतात.

15 लिटर पाणी 20 वरून 55 अंशांवर न्यायला जेमतेम 0.6 युनिट लागतं, दुपारची शेवटची उन्हं त्याला पुरतात.