ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा व्यवसाय उभारताना

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरवर व्यवसाय उभारायचा असेल, तर कोड सर्वांना मोफत मिळणारच हे धरून चालावे आणि ग्राहक पैसे नेमके कशाचे मोजेल, हे कंपनी स्थापन करण्यापूर्वीच ठरवावे. लोकप्रियतेतून हे उत्तर आपोआप निघत नाही. ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये बांधून चालवणारे डॉकर हे सॉफ्टवेअर जगभर वापरले जात असतानाही डॉकर कंपनीला २०१९ मध्ये आपला एंटरप्राइझ (मोठ्या संस्थांसाठीचा) व्यवसाय मिरँटिस या कंपनीला विकावा लागला.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीने विकली ती जबाबदारी. एकच आवृत्ती वर्षानुवर्षे सांभाळणे, सुरक्षेच्या त्रुटी वेळेवर दुरुस्त करणे आणि कोणत्या यंत्रावर ती नीट चालेल हे प्रमाणित करणे, यांसाठी मोठ्या संस्था वर्गणी भरत राहिल्या. आयबीएमने २०१९ मध्ये ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. मात्र हा मार्ग ऑपरेटिंग सिस्टिम किंवा डेटाबेस अशा, बंद पडल्यास सारे काम थांबवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच मानवतो. एखाद्या लहानशा लायब्ररीच्या (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या) देखभालीसाठी वर्गणी भरणारे ग्राहक क्वचितच मिळतात.

दुसरा मार्ग ओपन कोअरचा, म्हणजे गाभा मोफत आणि काही सुविधा सशुल्क. सीमारेषा कुठे आखावी यासाठी विकासकांची साधने बनवणाऱ्या गिटलॅब कंपनीचा निकष उपयोगी आहे: एकट्या विकासकाला लागते ते मोफत द्यावे आणि व्यवस्थापकांना किंवा संचालकांना लागते त्याचे पैसे घ्यावेत. सॉफ्टवेअर स्वतः चालवून सेवा म्हणून विकायचे असेल, तर फार वाट पाहू नये; मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीची ॲटलस ही सेवा २०१६ मध्येच सुरू झाली होती, डेटाबेसचा परवाना (कोड वापरण्याच्या अटी) बदलून कडक केला तो त्यानंतर दोन वर्षांनी.

सर्वाधिक विचार परवान्याचा करावा. एमआयटी किंवा अपाचे या फारशा अटी नसलेल्या परवान्यांनी प्रसार वेगाने होतो, पण ॲमेझॉनसारख्या मोठ्या क्लाउड कंपन्यांनाही तेच सॉफ्टवेअर विकता येते. एजीपीएल या कडक परवान्यामध्ये, बदललेले सॉफ्टवेअर नेटवर्कवरून सेवा म्हणून दिल्यास वापरकर्त्यांना त्याचा कोड उपलब्ध करून द्यावा लागतो, आणि त्यामुळे काही कंपन्या असे सॉफ्टवेअर वापरणेच टाळतात. आधी सैल परवाना देऊन नंतर तो आवळणे महागात पडते: २०२१ मध्ये शोध-सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने तसे करताच ॲमेझॉनने जुन्याच कोडवरून ओपनसर्च काढले, आणि तशाच कारणाने २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीच्या टेराफॉर्ममधून ओपनटोफू आणि २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसमधून वाल्की फुटून निघाले. या सर्वांना नावे मात्र नवी घ्यावी लागली, कारण कोडचा परवाना ट्रेडमार्कचा हक्क देत नाही. म्हणून नावाची नोंदणी प्रारंभीच करावी.

बाहेरच्या योगदानकर्त्यांकडून हक्कांचा करार लिहून घेतल्यास दुहेरी परवाना, म्हणजे तोच कोड मोफत आणि सशुल्क अशा दोन वेगळ्या अटींवर, देता येतो, परंतु असा करार पाहून काहीजण योगदानच देत नाहीत. माझ्या मते दुहेरी परवाना खरोखर विकायचा असेल तरच असा करार मागावा. सशुल्क सुविधेशी स्पर्धा करणारा कोड कोणी पाठवला, तर तो स्वीकारणार की नाकारणार, हेही प्रकल्पाच्या नियमांत आधीच लिहून ठेवावे.