मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ : फॉन्ट आणि टूल निवडताना या चुका टाळा

माझा एक ट्रेकर मित्र स्वखर्चाने पुस्तक काढत होता. मुखपृष्ठाचं काम माझ्याकडे होतं. नावात 'दऱ्या' हा शब्द होता. माझ्या स्क्रीनवर सगळं नीट दिसत होतं. प्रेसमध्ये फाइल उघडली तेव्हा तिथल्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. त्याच्या जागी दुसरा लागला, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि ५०० प्रतींवर 'दऱ्या'चं 'दर्या' झालं. डोंगरातली दरी गेली, समुद्र आला. मित्र काही बोलला नाही, पण पहिल्याच वाचकाने त्याला विचारलं, "कोकणावर आहे का?" फाइल पाठवण्याआधी मी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर न विसंबणाऱ्या नुसत्या आकृत्यांमध्ये, बदलायला हवी होती आणि छपाईआधी प्रेसमध्ये जाऊन प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, बघायला हवं होतं. दोन्ही केलं नव्हतं.

तेव्हापासून कोणतंही मुखपृष्ठ हातात घेतलं की सुरुवात चित्रापासून करत नाही. आधी नावातली अवघड अक्षरं शोधतो.

फॉन्टच्या नमुन्यावर भाळू नका

फॉन्टच्या यादीत 'अ आ इ क ख ग' दिसतं. ही अक्षरं बहुतेक फॉन्टमध्ये बरीच असतात. फॉन्टचा कस लागतो तो तुमच्या पुस्तकाच्या नावात. म्हणून कोऱ्या पानावर फक्त नाव आणि लेखकाचं नाव लिहा, एकाखाली एक आठ-दहा फॉन्टमध्ये, काळ्यावर पांढरं नाही, पांढऱ्यावर काळं. रंग, चित्र, सावली काही नको. मग एकेक जोडाक्षर बघा.

पहिलं, चंद्रकोरीसारखा 'र'. 'ऱ्या', 'ऱ्हा'. मराठीला हा हवाच, कारण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही वेगळी माणसं आहेत. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये तो विसरलेला किंवा कसातरी चिकटवलेला असतो. नीट दिसत नसेल तर आधी टायपिंग तपासा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र', मग पाय मोडायची कळ, मग 'य'. तरीही बिघडत असेल तर तो फॉन्ट सोडा.

दुसरं, 'ॲ'. 'ॲड.', 'ॲसिड', 'बॅट'मधला उच्चार. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या जागतिक कॉम्प्युटर-यादीत, २००८ साली आलं, म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं आणि तिथे चौकोन दिसतो. लेखक वकील असेल तर नावाच्या आधीच हा चौकोन येऊन बसतो.

तिसरं, 'ल' आणि 'श'. मराठीतला ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, हिंदीतला ल दंड असलेला. राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं दडलेली असतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा 'मराठी' निवडली की मराठी रूप आपोआप पुढे येतं. पुष्कळ जणांना ही सोय माहीतच नसते आणि 'लोकशाही', 'शाळा' अशा नावाचं मुखपृष्ठ हिंदी पुस्तकासारखं दिसतं. टूलमध्ये भाषा निवडता येत नसेल तर सोपा मार्ग म्हणजे मराठीसाठीच वेगळा काढलेला फॉन्ट घेणं. 'टिरो देवनागरी'चे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट आहेत, त्यातला मराठी घ्या.

मग 'हृ', 'शृ', 'द्ध', 'द्व', 'द्य'. इथे फॉन्टइतकीच चूक टाइप करणाऱ्याचीही असते. 'शृंगार'चा 'श्रृंगार' आणि 'बुद्ध'चा 'बुध्द' मी छापील मुखपृष्ठांवर पाहिला आहे. 'बुद्ध'मध्ये द आधी, ध नंतर. आतल्या पानांची तीन-तीन वेळा मुद्रितशोधनं होतात, मुखपृष्ठ मात्र कोणीच वाचत नाही, सगळे ते 'बघतात'. मुद्रितशोधकाकडे मुखपृष्ठ, कणा (पुस्तकाची पाठ), फ्लॅप (मुखपृष्ठाची आत दुमडलेली घडी) आणि मलपृष्ठ असा सगळा मजकूर कागदावर छापून द्या.

अक्षरांमधली जागा वाढवू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कॅनव्हासारख्या टूलमधले तयार साचे बहुतेक इंग्रजी नावांसाठी केलेले असतात. तिथे अक्षरं ऐसपैस पसरलेली असतात, कारण रोमन अक्षरं सुटी असतात आणि पसरली की रुबाबदार दिसतात. त्याच चौकटीत मराठी नाव चिकटवलं की ती वाढवलेली जागा तशीच राहते आणि शिरोरेषा तुटते. एकेका अक्षराच्या डोक्यावर तुकडा-तुकडा रेघ उरते आणि शब्द विस्कटतो.

उपाय एका मिनिटाचा आहे : अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणा. नाव रुंद हवं असेल तर रुंदी बदलता येणारा फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'अनेक' हा फॉन्ट अरुंदपासून रुंदपर्यंत आणि बारीकपासून जाडपर्यंत बदलतो, आणि तो मोफत आहे. पण कोपरा धरून अक्षरं आडवी ताणू नका. ताणल्यावर उभे दंड जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते, आणि अक्षरांचा तोल जातो. हे वाचकाला सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

याच शिरोरेषेमुळे आणखी एक बिघाड होतो. अक्षरांना बाहेरून रंगीत कडा दिली की दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे शिरोरेषेवर उभी चीर दिसते. कारण कॉम्प्युटरसाठी ती अजूनही एकमेकांवर चढलेली वेगवेगळी अक्षरं असतात आणि प्रत्येकाला स्वतःची कड मिळते. अर्धपारदर्शक रंग दिला तर त्याच जागी गडद ठिपके येतात. आधी अक्षरं कर्व्हमध्ये बदला, मग इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधलं 'युनाइट' किंवा कोरलड्रॉमधलं 'वेल्ड' वापरून सगळा शब्द एकसंध करा, आणि कड त्यानंतर द्या. कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळी जपून ठेवा, दुसऱ्या आवृत्तीला ती लागणार आहे.

टूल महाग आहे म्हणून ते मराठी लिहील असं नाही

एका नवोदित कवयित्रीने मला तिचं मुखपृष्ठ दाखवलं. फोटोशॉपमध्ये केलेलं, चित्र सुंदर. पण 'कविता'तली पहिली वेलांटी 'व'च्या आधी न येता 'व' ओलांडून 'त'च्या डोक्यावर जाऊन बसली होती आणि 'संग्रह' या शब्दात 'ग'खाली पाय मोडलेला दिसत होता. तिला वाटलं फॉन्ट खराब आहे, म्हणून तिने सहा फॉन्ट बदलून पाहिले होते. फॉन्टमध्ये काहीच दोष नव्हता. देवनागरीत अक्षरं टाइप करायच्या क्रमाने मांडून चालत नाही, ती जुळवावी लागतात, आणि तो जुळवणीचा भाग टूलमध्ये बंद होता.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन पूर्व आशियाई पर्यायाऐवजी मध्य-पूर्व आणि दक्षिण आशियाई किंवा 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये 'इंडिक ऑप्शन्स' सुरू करावे लागतात. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो. आधीपासून लिहिलेल्या मजकुराला हा बदल आपोआप लागतोच असं नाही, म्हणून तो मजकूर निवडून पुन्हा लावा.

पैसे नसतील तर चोरीची आवृत्ती घेऊ नका, गरजच नाही. इंकस्केप हे चित्रं-अक्षरं मांडायचं टूल मोफत आहे आणि देवनागरी नीट जुळवतं. एका मुखपृष्ठासाठी तेवढं पुरतं. आतल्या पानांसकट सगळंच स्वतः मांडायचं असेल तर स्क्रायबस बघा, पण १.४ ही जुनी आवृत्ती नको, ती मराठी तोडते. १.६ घ्या. पानं मांडायच्या जुन्या पेजमेकरबद्दल एवढंच सांगतो की त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि ते युनिकोड जाणत नाही.

इथूनच दुसरी भानगड सुरू होते. बऱ्याच लेखकांचा मजकूर अजून श्रीलिपी किंवा तशा जुन्या पद्धतीत टाइप केलेला असतो. तो उचलून नव्या टूलमध्ये टाकला की टोप्या-टिंबांची रोमन अक्षरं दिसतात. कन्व्हर्टर आहेत, पण त्यातून नेमकी जोडाक्षरंच दगा देतात. मलपृष्ठावरचा मजकूर फार तर दीडशे शब्दांचा असतो. तो पुन्हा टाइप करा, अर्धा तास लागेल.

आणि एआयकडून चित्र काढून घेत असाल तर त्यात अक्षरं मागू नका. येतात ती बरेचदा देवनागरीसारखी दिसणारी नक्षी असते. चित्र कोरं घ्या, नाव स्वतः वर लिहा.

पुस्तकाचा स्वभाव आणि अक्षराचा स्वभाव

'बालू' हा फॉन्ट गोलसर, लाडिक आहे. लहान मुलांच्या पुस्तकावर तो खुलतो, पण कर्जबाजारी शेतकऱ्याच्या कादंबरीवर मी तो पाहिला तेव्हा वाईट वाटलं. 'मोदक' अतिशय जाड आहे, इतका की अक्षरांच्या पोटातली जागा चिरेएवढी उरते. एका-दोन शब्दांच्या नावाला तो दणदणीत दिसतो, पण पाच शब्दांच्या नावाला त्याचा गोळा होतो. 'रोझा वन'मध्ये जाड-बारीकचा फरक खूप आहे, मोठ्या आकारात देखणा, लहान आकारात बारीक रेघा गायब. 'यात्रा वन' मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतला आहे, शहरी कथांना त्याचा रंग चढतो. 'जैनी' जुन्या जैन पोथ्यांच्या अक्षरावरून आला आहे. 'मुक्ता' साधा, सात जाडींमध्ये मिळणारा, कुठेही आड न येणारा. मलपृष्ठ आणि फ्लॅपसाठी मी डोळे मिटून तोच घेतो. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, पुस्तक विकायचं असलं तरी चालतात. इंटरनेटवर कुठेतरी सापडलेल्या फॉन्टबरोबरची परवान्याची फाइल मात्र उघडून वाचा, 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं असेल तर तो पुस्तकावर लावू नका.

'मंगल' मुखपृष्ठावर नको. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचता यावा म्हणून केला होता, आणि ते काम त्याने वर्षानुवर्षं चोख केलं. मोठ्या आकारात तो सरकारी अर्जासारखा दिसतो, यात त्याचा दोष नाही.

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. त्यामुळे इंग्रजी मुखपृष्ठावर जे काम 'सगळं कॅपिटल' करून होतं, ते आपल्याला आकार, जाडी आणि जागा यांतून करावं लागतं. एक फॉन्ट नावाला, दुसरा बाकी सगळ्याला, यापुढे जाऊ नका. जाड किंवा तिरकं रूप फॉन्टमध्ये नसेल तर टूलमधलं खोटं बोल्ड आणि इटॅलिक बटण दाबू नका, त्याने वेलांट्या भरून जातात.

आणि नाव छोटं असेल तर फॉन्टच नको असाही विचार करा. आपल्याकडे कमल शेडग्यांनी नाटकांची नावं हाताने घडवली, त्यातली कित्येक लोकांना नुसत्या वळणावरून आठवतात. एखाद्या सुलेखनकाराला दोन शब्दांचे पैसे देणं कुठल्याही स्टॉक फोटोपेक्षा पुस्तकाला जास्त देऊन जातं, असं माझं ठाम मत आहे.

दोन ओळी, एक कणा आणि नखाएवढं चित्र

नाव दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, मात्रा, वेलांट्या यांची टक्कर होते. टूल सुचवेल त्या अंतरावर विसंबू नका. काही वेळा अंतर वाढवण्यापेक्षा ओळ दुसऱ्या शब्दावर तोडली की उकार आपोआप मोकळ्या जागेत जातो.

कण्यावर अक्षरं एकाखाली एक रचायची हौस असते. 'स्वातंत्र्य' अशी रचताना मी 'स्', 'वा' असे तुकडे पाहिले आहेत. रचायचंच तर 'स्वा', 'तं', 'त्र्य' असं तोडा. पण नाव आडवं करून झोपवलेलं बरं. पुस्तक टेबलावर मुखपृष्ठ वर करून ठेवलं की कण्यावरचं नाव सुलटं वाचता यावं. कण्याची जाडी अंदाजाने धरू नका : पानांची संख्या भागिले दोन, गुणिले एका कागदाची जाडी. ती जाडी प्रेसकडून मागून घ्या. २०० पानं आणि ०.०९ मिलिमीटरचा कागद असेल तर ९ मिलिमीटर होतात. प्रेसने ऐनवेळी कागद बदलला तर नाव कण्यावरून मुखपृष्ठावर सरकतं.

हल्ली वाचक पुस्तक आधी फोनवर बघतो. मुखपृष्ठ लहान करत करत अंगठ्याच्या नखाएवढं करा आणि घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत घोटाळा झाला तर फॉन्ट एक जाडी खाली आणा. ई-पुस्तकासाठी १६०० बाय २५६० पिक्सेल धरा.

प्रेसला देताना

बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड), चित्रं ३०० पीपीआय (इंचात ३०० पिक्सेल), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया), अक्षरं कर्व्हमध्ये, फाइल पीडीएफ. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं असतील तर चार रंग केसभर जरी हलले तरी शिरोरेषा भरते, तिथे एक जाडी वरची घ्या. काळी बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांच्या मिश्रणात नकोत.

मग प्रेसमध्ये जाऊन प्रूफ हातात घ्या, उजेडात धरा आणि नाव अक्षर-अक्षर बोट ठेवून मोठ्याने वाचा. माझ्या मित्राच्या दुसऱ्या आवृत्तीला आम्ही दोघं गेलो होतो. त्याने बोट 'ऱ्या'वर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.