जुन्या स्लॅशरचा रिमेक करताना

स्लॅशर म्हणजे एकच खुनी पात्रांना एकेक करून मारत जातो तो भयपट. असा जुना चित्रपट नव्याने करायचा तर पटकथेला हात लावण्याआधी हक्कांची कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्या. नाव, कथा, पात्रं आणि मुखवटा यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) च्या पटकथेचे अमेरिकेतले हक्क मूळ लेखकाकडे परत जातात, असा निकाल २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने दिला. पण खुन्याची ओळख बनलेला हॉकीचा मुखवटा आला तो १९८२ च्या तिसऱ्या भागात. पहिल्या भागाचे हक्क घेतले म्हणजे मुखवटाही आपला, असं धरून चालू नका.

मग मूळ चित्रपट स्टॉपवॉच घेऊन पाहा, एकदा आवाज बंद करूनही. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा: खुनी कुठे आहे, ते प्रेक्षकाला ठाऊक आहे का, पात्राला ठाऊक आहे का, आणि पहिल्या चाहुलीपासून वारापर्यंत किती सेकंद गेले. हा तक्ताच तुमचा खरा कच्चा माल. ‘हॅलोविन’ (१९७८) मध्ये रक्त जवळपास दिसतच नाही. रुंद फ्रेमच्या कडेला खुनी नुसता उभा असतो आणि नायिकेची पाठ त्याच्याकडे असते. रिमेक बहुधा इथेच फसतात. खून वाढवले जातात आणि ताणून धरलेली वेळ कापली जाते. जसंच्या तसं उतरवणंही कामाचं नाही: १९९८ मध्ये ‘सायको’ जवळजवळ शॉटला शॉट लावून पुन्हा केला गेला आणि तो पडला.

खुन्याचं बालपण उलगडून दाखवायचा मोह आवरा. कारण कळलं की प्रेक्षक त्याला समजून घेऊ लागतो आणि धाक ओसरतो. मनोरुग्ण आहे म्हणून मारतो, किंवा लैंगिक संबंध ठेवणारी मुलगी आधी मरते, हे जुने ठोकताळे मात्र बिनदिक्कत काढा. आजच्या प्रेक्षकाला ते खटकतात, शिवाय पुढे कोण मरणार हेही आधीच कळतं.

सगळ्यात अवघड मोबाइल. ‘बॅटरी संपली’, ‘रेंज नाही’ या सबबी एकदाच चालतात, त्याही पहिल्या वीस मिनिटांत पेरलेल्या असतील तरच. त्यापेक्षा फोन चालू ठेवा आणि तोच उलटवा. कपाटात लपलेल्या मुलीच्या हातात तो थरथरतो. मैत्रिणीचं शेअर केलेलं लोकेशन याच घरात दिसतं, पण मैत्रीण हाकेला ओ देत नाही. पोलिसांना फोन लागू द्या. ते पोचेपर्यंतची बारा मिनिटं हाच मग शेवटचा अंक.

रक्त शक्यतो संगणकावर नव्हे, सेटवरच खोटं बनवून दाखवा. दोन कप कॉर्न सिरप, अर्धा कप पाणी, दोन मोठे चमचे खाण्याचा लाल रंग, एक मोठा चमचा कोको पावडर. निळा रंग थेंबाथेंबाने, चारपाच थेंबांच्या वर नको. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. ज्या दिव्यांत शूट करणार त्याच दिव्यांत कॅमेऱ्यावर तपासा: निळ्या प्रकाशात हेच रक्त काळं दिसतं, तेव्हा निळा रंग आणि कोको कमी करा. मिश्रण चिकटतं, जमिनीवर घसरतं, त्वचेवर आणि कापडावर डाग सोडतं. म्हणून भिजणाऱ्या प्रत्येक पोशाखाच्या किमान चार प्रती शिवून घ्या आणि रक्ताचा शॉट त्या दिवसाच्या शेवटी ठेवा. सुऱ्याच्याही तीन प्रती लागतात: जवळून दाखवायला बोथट केलेला धातूचा, हाणामारीसाठी रबरी, वारासाठी पातं आत जाणारा. धातूचा सुरा हातात असताना समोर कोणीही कलाकार नको.

एडिटमध्ये दचकवण्याच्या जागा मोजा. नव्वद मिनिटांत चारपाच पुरे, आणि त्यातली एक तरी पूर्ण शांततेत हवी. कच्चा कट अनोळखी प्रेक्षकांना दाखवताना पडद्याकडे नव्हे, त्यांच्याकडे तोंड करून बसा. किंकाळीनंतर आलेलं हसू चांगलं, तो सुटकेचा श्वास असतो. वार होण्याआधीच हसले, तर तिथलं संगीत काढून पुन्हा दाखवा. बहुतेक वेळा त्यानेच आधी चुगली केलेली असते.