अल्तारावर मेणबत्त्या किती, फुलं कुठे?

शनिवारी पहाटे दादरच्या फूलबाजारातून निशिगंध-जरबेराचे गठ्ठे आणायचे आणि जागा दिसेल तिथे खोचायचे, असं आमच्या चर्चमध्ये बरीच वर्षं चाललं. फुलांमागे अल्तार, म्हणजे चर्चमधली वेदी, दिसेनासा व्हायचा, तरी कौतुक व्हायचंच.

पण फुलं केव्हा आणि किती हे ठरलेलं असतं, म्हणून बाजारात जाण्याआधी कॅलेंडर बघा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात अल्तारापाशी फुलं ठेवत नाहीत. चौथा रविवार आणि मधले सण तेवढे सोडायचे, जसा 19 मार्चचा संत योसेफाचा. नाताळाआधीच्या आगमनकाळात फुलं चालतात, पण हात राखून. 8 सप्टेंबरला मात्र मावलीच्या, म्हणजे मारियामातेच्या सणाला हात मोकळा सोडा.

आधी अल्तारावर पांढरं कापड घाला. मग मेणबत्त्या. कुठल्याही मिस्सेला, म्हणजे अल्तारावरच्या प्रार्थनाविधीला, निदान दोन लागतात; रविवारी आणि सणाला चार किंवा सहा. आपल्या धर्मप्रांताचे बिशप मिस्सा करणार असतील तर सात. त्या अल्तारावरच हव्यात असं नाही, शेजारी मेणबत्तीच्या उभ्या स्टँडवरही चालतात. क्रूस अल्तारावर किंवा जवळ असायलाच हवा.

आता पंखे लावा. ही पायरी मुंबईत चुकवू नका. ज्योत एकीकडे झुकली की मेण त्याच बाजूने ओघळतं, म्हणून मेणबत्ती झोताबाहेर सरकवा. तरी कापडावर सांडलंच, तर सुकल्यावर खरवडा, वर-खाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

फुलं शेवटी, आणि अल्तारावर नाही, अल्ताराभोवती. रचना बुटकी ठेवा. लिलीतले परागकोश आधीच चिमटून काढा, नाहीतर कापडावर हळदीसारखे डाग पडतात. निशिगंध बेताने, पहिल्या बाकावर दम्याचं कुणीतरी असतंच. झालं की शेवटच्या बाकावर जाऊन बसा. कालिस (द्राक्षारसाचा पेला) दिसणार नाही असं वाटलं, तर फुलं कमी करा.

पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती ईस्टरपासून सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत वाचनपीठाजवळ, नंतर बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी.

अल्तारावरच्या मेणबत्त्या पेटवण्याची जुनी रीत अशी: अल्ताराकडे तोंड करून उजवीकडची, क्रुसाजवळची मेणबत्ती आधी, मग बाहेरच्या, नंतर डावी बाजू तशीच. विझवताना उलट क्रम. फुंकर मारू नका, मेण उडतं. विझवायची दांड्याची टोपी ज्योतीवर धरा, दाबू मात्र नका. वात मेणात बुडली की पुढच्या मिस्सेला पेटता पेटत नाही.