कॉलेजचा संघ चालवणाऱ्यांसाठी: आधी हजेरी, मग सराव

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी २६ वर्षं शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम करते. मूळची मंगळवेढ्याकडची, स्वतः खो-खो खेळलेली. गेल्या महिन्यात जिल्ह्यातले तीन नवे संचालक घरी आले होते. त्यांचा प्रश्न एकच होता: "मॅडम, विद्यापीठाचं विजेतेपदही पाहिजे आणि मुलं पासही झाली पाहिजेत. जमवायचं कसं?" चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी माझं सांगून संपलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आधी माझी चूक सांगते. नोकरीला दहा-बारा वर्षं झाली होती. संघात एक मुलगी होती, खांबावर सूर मारावा तर तिनंच. समोरचे संरक्षक खांबाच्या बाजूला फिरकायला घाबरायचे. वाणिज्य शाखेत होती आणि अकाउंट्समध्ये अगदी कच्ची. मी तिच्या सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, पोरगी विद्यापीठाच्या संघात आहे, बघा की जरा." सरांनी बघितलं. अंतर्गत गुण मिळाले. पुढच्या सत्रातही मी गेले, तेव्हाही मिळाले. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत मात्र बघणारं कुणी नव्हतं. विषय साठत गेले, तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नाही आणि पोरगी कॉलेजातून गेली.

काही वर्षांनी ती भेटायला आली. कडेवर मूल होतं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाला लागणारं शिक्षण कुणाला माफ नसतं. पदवीची पदं तिच्या हातून गेलीच होती. बारावीवरच्या एका पदासाठी अर्ज करायचा होता आणि सोबत स्वतःच्या खेळाची माहिती एक पानभर लिहायची होती. मी पेन पुढे केलं. तिनं घेतलं, कागदाकडे बघत राहिली. मग टोपण लावून पेन परत माझ्या हातात दिलं. "मॅडम, तुम्हीच लिवा की. मला नीट जमत नाही."

ते पान मी लिहिलं. त्या दिवसापासून कुठल्याही प्राध्यापकाकडे एकाही खेळाडूच्या गुणांसाठी मी गेलेले नाही.

म्हणून पहिलं काम हे करा: संघाला ज्याला जिंकवायचंय, त्याच्या हातात गुणांचा एकही धागा ठेवू नका. आमच्याकडे तीन जणांची समिती आहे. संख्याशास्त्राचे एक सर, ग्रंथपाल बाई आणि परीक्षा विभागातले एक जण. मी त्या समितीत नाही, बैठकीलाही जात नाही. निकाल लागल्यावर दहा दिवसांत ते प्रत्येक खेळाडूचे विषय बघतात आणि कोण संघाबरोबर जाणार, कोण नाही, ते लेखी कळवतात. दोन विषय राहिले असतील तर जाता येतं. तिसरा राहिला की प्रवास बंद. सराव मात्र बंद करायचा नाही, हे लक्षात ठेवा. मैदान सुटलं की मुलगा कॉलेजच सोडतो, हे मी पाच-सहा वेळा डोळ्यांनी पाहिलंय. त्याला सकाळी बोलवा, पळवा, आणि सरावानंतरचा तास राहिलेल्या विषयाला द्या.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे अब्जावधी डॉलरचा कारभार. तिथल्या चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १८ वर्षं असे वर्ग चालले, ज्यात तासच होत नसत. शेवटी एक निबंध दिला की चांगली श्रेणी मिळायची. २०१४ च्या चौकशी अहवालात ३१०० विद्यार्थ्यांचा आकडा आला आणि त्या वर्गांतले जवळपास निम्मे प्रवेश खेळाडूंचे होते. एवढं नावाजलेलं विद्यापीठ! मी हे दरवर्षी जूनच्या बैठकीत सगळ्या प्राध्यापकांपुढे सांगते. वाईट हेतूनं सुरू झालेलं नसतं ते. "पोराला जरा मदत" म्हणूनच सुरू होतं, माझंही तसंच झालं होतं.

समिती नेमल्यावर दुसऱ्याच वर्षी आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याच्या आधी आमचा सगळ्यात चांगला आक्रमक तीन विषयांवर अडकला. संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्याचा फोन आला: एवढ्या वेळी सोडा. मी म्हटलं, निर्णय माझा नाही, समितीचा आहे. खरं सांगते, त्या वेळी समिती नसती तर मी वाकले असते. सामना एका गुणानं गेला. शेवटच्या मिनिटाला समोरचा संरक्षक साखळी, म्हणजे बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी, पळत होता आणि त्याला गाठणारा आमचा मुलगा गॅलरीत बसला होता. दोन्ही हात तोंडावर धरून. पुढच्या सत्रात त्यानं दोन विषय सोडवले.

आता वेळापत्रक. हे जूनच्या पहिल्या आठवड्यातच बसून करा. एका कागदावर विद्यापीठाच्या परीक्षा, दुसऱ्यावर आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या विद्यापीठांच्या संघटनेमार्फत होतात. आपण पश्चिम विभागात, म्हणजे गुजरात, राजस्थान, गोव्याकडची विद्यापीठंही समोर येतात आणि प्रवासच चार-पाच दिवस खातो. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ दोन्ही कागदांवर भरलेला दिसेल. टक्कर तिथेच होते. तारखा कळल्या त्याच आठवड्यात परीक्षा विभागाला प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या. आदल्या दिवशी पत्र घेऊन गेलं की तुम्हाला कुणी दारात उभं करत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

सरावाचे तास मोजा. अमेरिकेतली कॉलेज क्रीडा संघटना हंगामात आठवड्याला २० तासांच्या पुढे सराव घेऊ देत नाही आणि एक दिवस पूर्ण सुट्टी सक्तीची आहे. मी १४ तासांवर थांबते. आपली मुलं वसतिगृहात तयार ताटावर बसणारी नाहीत. कुणी संध्याकाळी यंत्रमागावर वडिलांना सोडवायला जातो, कुणी पहाटे भाजी मार्केटला जातो. सकाळी पावणेसहा ते साडेसात मैदान. संध्याकाळचा सराव आठवड्यातून फक्त दोन दिवस. मार्चच्या मध्यापासून संध्याकाळ पूर्ण बंद. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, पाच वाजताही मैदान तापलेलं असतं, आणि परीक्षाही तेव्हाच असतात. संक्रांतीच्या आठवड्यात, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, सराव ठेवूच नका. निम्मी मुलं नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात आणि असावीत.

प्रवेशाच्या वेळी घरी जा. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका मुलीच्या घरी गेले होते. आई मांडीवर सूप घेऊन बसलेली, बोटं एकसारखी चालू, पानात तंबाखू भरून वळून दोरा बांधायचा, पुढचं पान. वर न बघता म्हणाली, "खेळून काय मिळतंय ओ मॅडम? हजार विड्या कोण वळायचं?" मी मोठमोठी आश्वासनं दिली नाहीत. एका कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या: मैदान किती वाजेपर्यंत, अभ्यास किती वाजता, आईला मदत किती वाजता. घरात तेलुगू बोलतात, म्हणून संघातल्याच एका मुलीकडून तो कागद तेलुगूत लिहून घेतला. तो त्यांच्या भिंतीवर तीन वर्षं होता. अशा कागदाला मी प्रवेशअर्जापेक्षा जास्त मान देते.

विषय निवडतानाही खेळाडूला सोपा म्हणून कुठलाही विषय गळ्यात मारू नका. विचारा त्याला काय वाचायला आवडतं. बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळालेले असतात, त्यामुळे कागदावरचे टक्के थोडे फुगलेले असू शकतात. मी प्रत्येकाला समोर बसवून वर्तमानपत्रातली एक बातमी वाचायला लावते आणि दहा ओळी लिहायला सांगते. नापास करायला नाही. कुठून सुरुवात करायची ते मला कळावं म्हणून.

हजेरीबद्दल स्पष्ट सांगते. ७५ टक्के हजेरीचा नियम खेळाडूलाही आहे. प्रत्यक्ष सामना आणि प्रवासाचे दिवस कर्तव्यरजा म्हणून, म्हणजे हजेरीत, धरा, सरावाचे अजिबात नाहीत. एकदा सरावाला सवलत दिली की मुलं वर्गाची वाट विसरतात. बाहेरगावी जाताना प्रत्येक खेळाडूनं आपल्या विषयशिक्षकांकडून चुकणाऱ्या तासांचे मुद्दे एका वहीत लिहून घ्यायचे आणि शिक्षकांची सही आणायची. सही नसेल तर तिकीट नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालो की दिवे मालवेपर्यंत तासभर वह्या उघड्या असतात. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरली. आता जुनी मुलंच नव्यांना वही काढायला लावतात.

सगळ्यात मोठी कीड म्हणजे नावाचे प्रवेश. चांगला खेळाडू दुसऱ्या गावात राहतो, प्रवेश आपल्याकडे, वर्गात एक दिवस बसलेला नाही, स्पर्धेला थेट मैदानावर हजर. पात्रता अर्जावर तो नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी आहे असं लिहून आपण सही करतो, म्हणजे खोटं लिहून देतो. अशा खेळाडूंवर विजेतेपदं येतात, हे मी नाकारत नाही. पण रोज पावणेसहाला मैदानावर येणाऱ्या आणि वर्गात बाकावर बसणाऱ्या मुलाची जागा त्यानं घेतलेली असते. वर्गशिक्षकानं "हा माझ्या वर्गात बसतो" असं लिहून दिल्याशिवाय पात्रता अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर नेऊ नका.

औषधांचंही हेच. शहरातल्या जिममध्ये कुठलीही पावडर, कुठलंही इंजेक्शन सुचवणारा भेटतोच. २०२३ साली दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजक चाचणीचे अधिकारी आल्याचं कळल्यावर १०० मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला. हे मुलांना सांगा, दरवर्षी सांगा. माझी मुलं शेंगदाणा-गूळ, अंडी, केळी आणि ज्वारीची भाकरी यावर खेळतात. खोकल्याचं औषधसुद्धा मला दाखवल्याशिवाय घेत नाहीत.

गुडघा गेला तर काय, याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. खेळाडू म्हणून जी फी-सवलत दिली ती पदवी पूर्ण होईपर्यंत चालू, खेळला तरी आणि नाही खेळला तरी. हे प्राचार्यांकडून लेखी घ्या.

पैशाचं थोडक्यात: प्रवासभत्ता किती आला, कुणाला किती दिला, बूट कुठून आले, सगळं सूचनाफलकावर लावा. देणगीदार आला आणि अमक्याला खेळवा म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

कौतुकही करत राहा, मुलांना मोठं स्वप्न लागतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हा आमच्या मुलांनी पार्क चौकात जाऊन फटाके वाजवले. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला एकही गैरहजर नव्हता. आणि सव्वादहाच्या तासालाही नव्हता, ते मी स्वतः वर्गांच्या खिडक्यांतून पाहून आले.

शेवटची गोष्ट म्हणजे एक रजिस्टर. ढाली कपाटात राहू द्या, पण टेबलावर हे ठेवा. संघातून गेलेला प्रत्येक खेळाडू, पदवी झाली का, कोणत्या वर्षी, आता काय करतो. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी झाली का, हाही एक रकाना, कारण नोकरीच्या वेळी धावपळ त्याचीच होते. दर मे महिन्यात फोन करायचे. दोन दिवस जातात. माझ्या रजिस्टरमध्ये पदवीचा रकाना रिकामा असलेली बरीच नावं आहेत, बहुतेक समितीच्या आधीची.

त्या सूर मारणाऱ्या मुलीचाही रकाना रिकामा होता. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात फोन केला तेव्हा तिला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाबद्दल सांगितलं. अभ्यासकेंद्रावर सोबत गेले, अर्ज मात्र तिलाच भरायला लावला. पाऊण तास लागला. आता तिचे दोन पेपर राहिलेत. रविवारी दुपारी तिचा फोन येतो आणि मी तो आमच्या अकाउंट्सच्या सरांना जोडून देते.